तिसरी बरणी

स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हा घरातली सगळी भांडी पालथी होती.

दारात बादलीभर पाणी आणि कडुनिंबाचा डहाळा ठेवलेला होता. ते पाणीही शेजारच्या पाटीलकाकूंच्या घरून आणलेलं. पाय धुऊन आत गेले तर हंडा पालथा, कळशी पालथी, माठ आडवा. देवापुढचा तांब्यासुद्धा उपडा. आईला जिथून उचललं तिथे पीठ पसरून त्यावर पणती लावली होती आणि इंदूआत्या तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती.

"आत्या, प्यायला पाणी आहे?"

"काकू आणतायत. आपल्यातलं सगळं ओतलं. माणूस गेलं की घरातलं साठवणीचं पाणी ठेवत नाहीत."

"माहीत आहे मला."

खरंच माहीत होतं. बाबा गेले तेव्हाही ओतलं होतं. म्हणूनच मी उभ्या उभ्या मागच्या दाराकडे वळले. मागच्या ओट्यावर, भिंतीला लागून आईच्या तीन बरण्या असत. लोणच्याच्या, रुंद तोंडाच्या, काचेच्या. त्या तिथेच होत्या. स्वच्छ घासलेल्या आणि पालथ्या.

"आत्या, ह्या बरण्या?"

"त्याही ओतल्या की. पाणीच ना ते," आत्या आतून म्हणाली. मग तिच्या बांगड्या वाजल्या, ती उठून दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई. ते शरयूचं शेवाळ." शरयू म्हणजे माझी आई.

बाबांच्या वेळी आई त्या बरण्यांच्या पुढ्यात उभी राहिली होती. घरातलं सगळं पाणी ओतायला तिची ना नव्हती. ती फक्त म्हणाली होती, "वन्सं, ह्यांना हात लावायचा नाही. ह्यांचं कोणी मेलेलं नाही." आत्याला ते फार लागलं होतं, सख्खा भाऊ गेला होता तिचा. पण बरण्या राहिल्या. आता पुढ्यात उभं राहायला आई नव्हती आणि मी अग्नी द्यायला गेले होते.

आत्या सारखी "शेवाळ, शेवाळ" म्हणायची आणि आई प्रत्येक वेळी "शेवाळ नव्हे हो" म्हणायची. आई आजऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तिने प्रयोगशाळेतून काही आणलं असेल तर हेच. रिक्सिया नावाचं लिव्हरवर्ट, शेवाळासारखी दिसणारी एक साधी वनस्पती. त्याला ना मूळ, ना खोड, ना पान. अरुंद हिरवी रिबिन, तिचं टोक दुभंगून दोन, त्या दोनांची टोकं दुभंगून चार, असं पाण्याच्या पृष्ठभागाखाली नुसतं तरंगत वाढत जायचं. आईच्या माहेरच्या गावच्या तळ्यातलं होतं ते. ते तळं पुढे बुजवलं आणि त्यावर एसटी स्टँड झाला. म्हणजे तळ्यातलं जे काही उरलं होतं ते आमच्या मागच्या ओट्यावर लोणच्याच्या बरण्यांत होतं.

आणि आई शेवटचं जे बोलली तेही त्यांच्याबद्दलच. कोल्हापूरच्या इस्पितळात तिला धाप लागली होती. मी कॉटशेजारी बसले होते. तिने मास्क बाजूला केला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"बरण्यांकडे बघ," ती म्हणाली. "रेश्मा येईल."

तेवढंच. मी हो म्हटलं. मला दिलेलं ते एकच काम होतं, आणि मी तिला पोहोचवून घरी येईपर्यंत ते संपलं होतं.

पाटीलकाकू पाणी घेऊन आल्या. मी प्यायले. संध्याकाळी त्यांनी पिठलं-भात आणला, तोही खाल्ला. पिठल्यात मीठ कमी होतं, हे मला कळत होतं. पण कोणी माझ्या हातावर निखारा ठेवला असता तर तेही असंच, लांबून कळलं असतं. दुःखावर मी पुष्कळ वाचलेलं होतं. पुण्यात एका प्रकाशनात मी संपादनाचं काम करत असे; मरणाची वर्णनं दुरुस्त करणं हा माझ्या धंद्याचाच भाग. त्यातलं एकही माझ्या कामी आलं नाही.

"रड गं ऊर्मे एकदा," आत्या रोज म्हणायची. "मोकळी हो."

"येईल तेव्हा रडेन."

"असं ठरवून येतं का ते? आई गेली तुझी."

"माहीत आहे, आत्या."

"हिला सगळंच माहीत," आत्या भिंतीला म्हणायची.

* * *

रेश्मा मुजावर आली ती अस्थी नदीत सोडून आलो त्या दुपारी. आईच्या हाताखाली शिकलेली शेवटची मुलगी. आता कोल्हापूरला पीएच.डी. करत होती. ओट्यावर पाय मुडपून बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मांडीवर पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकचा चौकोनी डबा. डबा कशासाठी ते मला दिसताक्षणी कळलं.

"ताई, मॅडमबद्दल काय बोलू मी. मला सुचतच नाही."

"नको बोलूस. चहा घेशील? शेजारून मागवते. आमच्याकडे चूल नाही सध्या."

"नको, नको." तिने मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाली, "हे आत्ता विचारणं बरं नव्हे. पण मॅडमनीच फोन केला होता, इस्पितळात जायच्या आधी. म्हणाल्या, तुझं काही वाया गेलं तर घरी आहे, घरून घेऊन जा. आणि ताई, माझं खरंच गेलं. कॉलेजातल्या सगळ्या काचेच्या भांड्यांत बुरशी लागली. एकसुद्धा वाचली नाही. ते मी बाजारातून आणू शकत नाही. दुसरीकडचं चालत नाही, त्याच तळ्यातलं पाहिजे. चार वर्षांचं काम त्याच्यावर उभं आहे."

मी पालथ्या बरण्यांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"ओतलं," मी म्हटलं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

रेश्माने डबा पिशवीत खाली ढकलला, दिसू नये असा. "असू दे," ती म्हणाली. "तुमच्या घरी एवढं झालंय आणि मी..." ती रडायला लागली. आईसाठी की त्या झाडासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी तिच्याकडे बघत राहिले. मला तिचा हेवा वाटला, एवढं आठवतं.

आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "मी ओतलं," ती म्हणाली. "ऊर्मीनं नाही. मी ओतलं आणि वर घासून ठेवल्या बरण्या. राखेनं."

"आजी, तुम्हाला काय ठाऊक."

"ठाऊक कसं नाही? रोज बघत होते की. त्या सावत्र बरणीत थेंब कोण घालत होतं? मीच."

रेश्मा डोळे पुसता पुसता थांबली. "सावत्र?"

"तिसरी ती. दोन बरण्यांत कसं हिरवंगार, बघत बसावं असं. आणि तिसरीत थेंब घालून घालून त्या बिचाऱ्याची पार वाढ खुंटवलेली. आखूड, जाडं, काळपट. मी म्हणायचे, शरयू, ह्या बरणीशी तुझं काय वैर आहे गं? सावत्र लेकरू आहे का? तर हसायची. मग हात कापायला लागला तिचा, तेव्हा ती थेंबांची पिचकारी माझ्याकडं आली. सकाळी देवपूजा झाली की थेंब."

"ते एबीए," रेश्मा मला म्हणाली. "अ‍ॅब्सिसिक आम्ल. संप्रेरक आहे झाडांतलं." आणि मग तिचा आवाज बदलला. "आजी, कुठं ओतलंत? जागा दाखवता?"

मागच्या अंगणात पेरूचं झाड आहे. त्याच्या पलीकडे कुंपणाच्या भिंतीशी मातीचा पट्टा. सकाळभर तिथे ऊन असतं. कार्तिक संपत आला होता, हवा कोरडी झाली होती. आत्याने भिंतीच्या कडेने बोट फिरवलं. "ही पहिली. ही दुसरी. आणि ही इथं तिसरी. ओट्यावरून एकेक आणून ओतली. पावलाचं अंतर असेल."

पहिल्या दोन जागी मातीवर तपकिरी पापुद्रा होता. वाळलेल्या कांद्याच्या सालासारखा. रेश्माने नखाने उचलला तर त्याचा भुगा झाला. तिसऱ्या जागी काळे, सुरकुतलेले बारीक तुकडे मातीला चिकटले होते. मला त्यात काही फरक दिसला नाही. आधीचं तपकिरी मेलेलं होतं, हे काळं मेलेलं होतं.

रेश्मा गुडघ्यांवर बसली आणि नाक जमिनीला लागेल इतकी वाकली.

"मेलंय?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"थांबलंय." ती तशीच वाकलेली. "बाहेरून मेल्यासारखंच दिसतं ते. वाढत नाही, हलत नाही, काहीच करत नाही. पण आत कामं चालू असतात. असतात, म्हणजे... असतील. आठवडाभर बघायला लागंल."

आत्या तोवर पाटीलकाकूंची कळशी घेऊन आली होती. "घालू का पाणी? भरपूर घालते. मीच ओतलं, मीच भरते."

"नको, नको आजी!" रेश्मा ओरडलीच. "आता बुडवलं तर जाईल. नुसतं शिंपडा. ओलसर राहील एवढंच."

"किती ते सांग बाई नीट. माझ्या हाताला आता यश नाही."

"देवावर शिंपडता ना फुलानं, तेवढं."

आत्याने मान डोलावली. सुतकात देवाला शिवायचं नव्हतं, त्यामुळे तिच्या सकाळी रिकाम्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती पेरूखाली उकिडवी बसून, झेंडूच्या फुलाने त्या काळ्या तुकड्यांवर पाणी शिंपडायला लागली. ओठ हलायचे. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही.

रेश्माने तिन्ही ठिकाणचं थोडं थोडं डब्यात घेतलं होतं, कोल्हापूरला ओलसर ठेवून बघायला. जाताना ती म्हणाली, "ताई, एक विचारू? मॅडमनी तिसरी बरणी का लावली होती, तुम्हाला सांगितलं होतं?"

"मला वर्षभर तिने काहीच सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

* * *

हे मी चिडून म्हटलं असं तिला वाटलं असेल. चीडही नव्हती. जे होतं ते सांगितलं.

त्याआधीची कितीतरी वर्षं मी आईला रोज संध्याकाळी फोन करत असे. मी एकटी राहते. लग्न केलं नाही. आमचं बोलणं म्हणजे काय, तर मी दिवसभराचं सगळं तिच्यापुढे ओतायचं आणि तिने निवडून द्यायचं. अमक्याला काय उत्तर देऊ, मेथीत गूळ किती घालू, हे दुखतंय तर कुठल्या डॉक्टरकडे जाऊ. मी चाळिशी ओलांडली होती. तिलाही ते आवडत असावं असं मी धरून चालले होते.

मग आदल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "रोज नको करत जाऊ फोन. माझं काम चालू आहे. रविवारी कर."

मी रविवारी करायला लागले. काही विचारलं तर म्हणायची, "तुला काय वाटतं?" मी पुन्हा विचारलं तर, "मला नाही माहीत. बघ तू." उन्हाळ्यात दरवर्षी ती गोड्या मसाल्याचा पुडा पाठवायची. त्या वर्षी आला नाही. आठवण केली तर म्हणाली, "आता भाजवत नाही. तूच भाज." फोनवर मला प्रमाण सांगितलं, शिक्षिकेसारखं, भराभर. गणपतीला म्हणाली, येऊ नकोस, कॉलेजचं काहीतरी आहे. तेव्हा मात्र मी रुसले. रविवारचा फोनही मग एकाआड एक झाला. तिने विचारलं नाही का म्हणून.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "वर्षभर येतायत ना ह्या आमच्याकडे." मी म्हटलं, हो.

आत्याला माहीत होतं. ते मला त्याच दिवशी कळलं. "शपथ घातली होती तिनं मला," आत्या म्हणाली होती, "माझ्या मेलेल्या भावाची." यापलीकडे आमचं त्यावर बोलणं झालं नव्हतं. सुतकाच्या त्या दिवसांत आम्ही दोघी एका घरात, एका ताटातलं पिठलं खात, त्या एका गोष्टीला वळसा घालून चालत होतो.

* * *

रेश्मा पुन्हा आली ती तेराव्याच्या आदल्या दिवशी. आल्या आल्या चप्पल काढायचंही भान नव्हतं, तशीच घराला वळसा घालून मागे गेली. मी आणि आत्या तिच्या मागून.

काळे तुकडे आता काळे नव्हते. निदान सगळे नव्हते. त्यांच्या टोकांना गडद हिरवं काहीतरी आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. पाण्यातल्या त्या नाजूक रिबिनीसारखं बिलकुल नाही. रुंद, मांसल, मातीला घट्ट धरून बसलेलं. रेश्माने पिनेने एक तुकडा जरासा उचलला. खालून पांढरे केस, बारीक, दोऱ्यासारखे. मातीत शिरलेले.

"धरलं," रेश्मा म्हणाली. "ताई, धरलं ह्यानं."

"मुळं फुटली?" आत्या.

"मुळं नव्हेत आजी, पण मुळांचंच काम. पाण्यात असताना नसतात ही. लागतच नाहीत."

"आणि त्या दोन बरण्यांचं?"

"ते गेलं. मी नेलेलंही कुजलं." ती उठून उभी राहिली, भिंतीच्या कडेचे ते तीन पट्टे बघत. "एकच जागा, एकच ऊन, एकाच दिवशी ओतलेलं. मला मुद्दाम करायचं म्हटलं असतं तरी इतकं स्वच्छ..." आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "माफ करा. मी काय बोलतेय."

"बोल, बोल," आत्या म्हणाली. "तिलाही हेच आवडलं असतं. माझ्या भावाच्या दहाव्याला कॉलेजचे पेपर तपासत होती ती."

मी विचारलं, "थेंबांमुळे वाचलं?"

रेश्मा पेरूच्या बुंध्याला टेकली. शिकवायला लागल्यावर ती हुबेहूब आईसारखी हात करायची, बोटं मिटत आणि उघडत.

"बघा, तळ्याचं पाणी ओसरायला लागलं ना, की हे आपलं आपणच एबीए बनवायला लागतं. तो निरोप असतो. पाणी चाललंय, तयारीला लागा. मग वाढ थांबवायची, अंग जाड करायचं, सुकलं तरी आतलं फुटू नये अशी बांधाबांध करायची. मग चिखलाला टेकलं की तगतं ते. पण त्याला वेळ लागतो. हळूहळू पाणी ओसरलं तर वेळ मिळतो. एकदम पाणी गेलं तर..." तिने पहिल्या दोन पट्ट्यांकडे नुसतं बघितलं. "ह्या दोघांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मजेत होती ती. तिसऱ्याला मॅडम पाणी असतानाच सांगत होत्या. रोज थोडं थोडं."

"की पाणी चाललंय."

"हां. भरल्या पाण्यात."

"एकदम का नाही सांगितलं? रोज थोडं कशाला?"

"एकदम घातलं तर कधी कधी थांबतं ते थांबतंच. परत उठत नाही. थोडं थोडं घातलं की वाईट दिसतं, खुरटतं, पण तयार होतं." ती माझ्याकडे वळली. "ते मी मागं विचारलं होतं ना ताई तुम्हाला, का लावली म्हणून. कारण ह्यात नवीन काही नाही. हे जगाला कितीतरी वर्षं माहीत आहे, पुस्तकांत आहे. मॅडमना स्वतःलाच पाठ होतं. मी म्हटलं होतं त्यांना, हा प्रयोग कशाला परत? तर म्हणाल्या, मला बघायचंय किती थोडं पुरतं."

पेरूवर कुठलातरी पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होता. मी त्या हिरव्या कण्यांकडे बघत होते. मला काही वाटत नव्हतं. हे मी आज इतक्या वर्षांनी सांगते आहे म्हणून नाही, तेव्हाच मला नीट जाणवलं होतं की मला काही वाटत नाहीये, आणि ते न वाटणंच कशानेतरी अगदी काठोकाठ भरलेलं आहे.

"मग आता परत सुरू करू का थेंब?" आत्याने विचारलं. "पिचकारी आहे अजून. बाटलीत औषधही आहे थोडं."

"नको आजी," रेश्मा म्हणाली. "आता ते स्वतः बनवतंय."

तिने डबा काढला, चमच्याने मातीसकट चार तुकडे उचलले. बाकीचे तिथेच ठेवू म्हणाली. "मी पाण्यात टाकलं की पुन्हा रिबिनी येतील त्याला. नव्या. हे जुनं आहे ते असंच राहील, जाडं. हे काही परत पातळ होणार नाही."

डबा छातीशी धरून ती गेली. फाटकापाशी वळून आत्याला म्हणाली, "आजी, फुलानंच शिंपडा हां, कळशी नको."

"जा गं. मला शिकवते," आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा त्या दिवसांत पहिल्यांदाच उतरलेला नव्हता.

* * *

तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघाले. पाटीलकाकूंचा मुलगा बाळासाहेब गाडीने स्टँडवर सोडणार होता. मी पिशवी भरली. आईचं मी काहीही घेतलं नाही, चष्मासुद्धा नाही. घ्यावंसं वाटेल तेव्हा घेऊ असं ठरवलं.

आत्या स्वयंपाकघरात डब्यांशी खुडबुडत होती. चूल पुन्हा पेटली होती, माठ भरला होता. तिने एक स्टीलचा डबा पुढे केला.

"हा घेऊन जा. गोडा मसाला. फार नाही, पण तुझं भागेल दोन-चार महिने."

"नको आत्या. आहे माझ्याकडे."

"विकतचा घालतेस? शरयूला कळलं तर..."

"विकतचा नाही. मी भाजलाय."

"तू?"

"हो. मेमध्ये. आईने पाठवला नाही, मग मीच केला. पहिला करपला. दुसरा बरा झाला."

आत्या डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग खाली पाटावर बसली. बसताना गुडघ्यावर हात टेकते, तसाही टेकला नाही.

"बांधला होता गं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा पुडा. दरवर्षीसारखा. धड उभं राहवत नव्हतं तरी भाजला तिनं. मी म्हटलं, मी हलवते, तर नाही. बांधला, दोऱ्यानं आवळला, वर तुझा पत्ता घातला. कुरिअरवाला पोरगा दारात आला. त्याला म्हणाली, काही नाही द्यायचं, जा. मला वाटलं, विसरली की काय. तर आत येऊन बसली इथं, ह्या पाटावर. आणि गाठी सोडवायला लागली. मी म्हटलं, अगं कात्री देते. नको म्हणाली. एकेक गाठ नखानं सोडवत बसली दुपारभर. हात कापत होता. मी विचारलं, शरयू, काय चाललंय हे? पोरीचा मसाला आहे तो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, वन्सं, तिला आत्तापासून भाजता आला पाहिजे."

बाहेर पाटीलकाकूंच्या मुलाने हॉर्न दिला.

"मग त्या पुड्याचं काय केलं?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"खाल्ला. तिनं आणि मी. आत्तापर्यंत पुरवला." आत्याने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "आमटीत घालताना रोज मला म्हणायची, जपून घाला हो. ऊर्मीच्या वाट्याचा आहे."

तिने डबा जरासा वर केला. म्हणजे हा तोच. तळाशी उरलेला.

हॉर्न पुन्हा वाजला. मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आत्या," मी म्हटलं, "पाणी दे गं जरा."

तिने उठून माठातलं पाणी दिलं. नवं, ताजं भरलेलं. मी पेला तोंडाला लावला, पण ते पाणी घशाखाली उतरेना. हनुवटीवरून ओघळलं, गळ्यावर आलं, पदर भिजला. पेला दातांवर वाजायला लागला. आत्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, दाराकडे गेली आणि बाहेर ओरडून सांगितलं, "बाळासाहेब, गाडी बंद कर रे. आज नाही जात ती."